तिसरा दगड

मी बायकोच्या कानाखाली मारली ती लाडवांच्या डब्यावरून. दिवाळीतल्या पाडव्याचा दिवस होता. हजीऱ्याच्या प्लांटमध्ये शटडाऊनचं काम चालू होतं, सलग दोन पाळ्या करून मी सकाळी सुरतेत उधन्याला घरी आलो होतो आणि माझे डोळे चुरचुरत होते. मी लाडू मागितले. ती कणीक मळत होती, म्हणाली डबा फळीवर आहे, हातानं घ्या, माझे हात पिठाचे आहेत. मी काहीतरी बोललो, तिनं उत्तर दिलं आणि माझा हात गेला. हात गेला असं आपण म्हणतो. हात आपणहून कुठं जात नाही. मी मारली.

ती रडली नाही. चार वर्षांची मुलगी उंबऱ्याशी रांगोळीचे रंग चिवडत बसली होती, तीही रडली नाही. ती उठली आणि दाराच्या फळीमागे जाऊन उभी राहिली. त्या घरात मी लहानपणी जिथं उभा राहायचो ती हीच जागा, भिंत आणि दार यांच्या मधली वीतभर फट. तिला ती कुणी दाखवली नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, समोर पाटावर जेवत होते. त्यांनी बघितलं आणि पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती मुलीला घेऊन नंदुरबारला माहेरी गेली. मी स्टेशनवर गेलो होतो, बॅग धरायला म्हणून. फलाटावर मी शपथ घ्यायला लागलो तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"माले शप्पथ नको. पोरना डोकावर हात ठी तर मुळीच नको. तुमना हात परत उठी का नही, येवढंच खरं सांगा. आठ दिवस इचार करा. पुढला रविवारले संध्याकाळी फोन करा."

मी म्हणालो, आत्ताच सांगतो. ती म्हणाली, आत्ता तुम्ही खोटं सांगाल. मग गाडी आली. म्हणजे मला आठ दिवसांत एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं होतं, आणि त्या उत्तरावर माझी बायको आणि मुलगी घरी येणार की नाही ते ठरणार होतं. 'नाही उठणार' हे दोन शब्द कुणालाही म्हणता येतात. ते खरे आहेत का, हे मला माहीत नव्हतं.

आप्पांबद्दल सांगायला हवं. त्यांनी उधन्यात पस्तीस वर्षं लूम चालवले. एका माणसाकडे आठ-आठ लूम आणि बारा-बारा तासांची पाळी. त्या खडखडाटात चाळिशीतच त्यांचे कान गेले. कारखान्यात हाक मारून उपयोग नसतो. तिथं कारागीर एकमेकांना बोलवायचे ते रिकामी कांडी फेकून. कांडी म्हणजे ज्यावर सूत गुंडाळतात ती लाकडी नळी. पलीकडच्या रांगेतल्या माणसाची सुताची गाठ तुटली, मालक आला, धोटा लूममधून उडायच्या बेतात आहे, काहीही असो, पाठीत एक कांडी बसायची आणि माणूस वळून बघायचा. नेम सगळ्यांचाच चांगला असे. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. दहावीनंतर मीही दोन वर्षं त्याच कारखान्यात काढली, त्यामुळे कांडी फेकणं मला येतं.

घरी मात्र आप्पा कांडी फेकत नसत. घरी ते लूमचा एक जुना चामडी पट्टा आणून खुंटीला लावून ठेवायचे. मीठ कमी पडलं की पट्टा, मी शाळेतून उशिरा आलो की पट्टा, आणि काही झालं नाही तर काही का झालं नाही म्हणून पट्टा. एकदा आईनं तो चुलीत घातला. त्या दिवशी त्यांनी तिचा उजवा हात पिरगाळून मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं आणि पुढं आयुष्यभर ती भाकरी डाव्या हातानं थापायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिला अश्विनीकुमारच्या स्मशानात नेलं तेव्हा तो वाकडा हात छातीवर सरळ राहीना, म्हणून मी तो सुतळीनं बांधला. मी आप्पांचा राग करतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

आणि तरीही त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर डोंगरावर गेलो. त्याचं कारण गोवऱ्या.

आमचं गाव बागलाणच्या कडेला, पिंपळनेरच्या पुढं. गावामागं गड आहे, कातळाचा, उभा. दिवाळीत सुरतचे लूम पंधरा-वीस दिवस बंद होतात, कारागीर गावोगाव परततात. आमच्या गावचे सात-आठ कारागीर दरवर्षी त्या सुटीतला एक दिवस गडावर जायचे आणि वर वरण-बट्टी करून खायचे. बट्टी गोवऱ्यांच्या आरावरच भाजायची, लाकडावर नाही, असा त्यांचा हट्ट. गडावर गोवरी कुठली मिळणार? म्हणून गोवऱ्या पाठीवर बांधून वर न्यायच्या. पीठ, तुरीची डाळ, वांगी, तूप, भांडी, गोधड्या, आणि त्या सगळ्याच्या वर गोवऱ्यांचं पोतं. आप्पांचे सगळे सोबती आता गेले, कुणी वारले, कुणाचे गुडघे गेले. एकटे आप्पा उरले होते. माझी बायको माहेरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी ट्रेकिंगची मोठी सॅक पलंगाखालून ओढून काढली आणि आत गोवऱ्या बसतात का ते मोजून बघू लागले. मी प्लांटमधल्या पोरांबरोबर दोन-चार गड केलेत, ती सॅक माझी लाडकी. मी नाही म्हणालो नाही. रिकाम्या घरात रविवारची वाट बघत बसण्यापेक्षा चढ परवडला.

शनिवारी एसटीनं निघालो. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत दुपारी पिंपळनेरला उतरलो, तिथून जीपनं गाव गाठलं आणि चुलत्याच्या ओट्यावर झोपलो. रविवारी उजाडताच पाठीवर ओझी चढवली. माझ्या पाठीवर सॅक, वर गोवऱ्या. त्यांच्या पाठीवर भांड्यांचं गाठोडं आणि हातात बांबूची काठी. त्यांचं वय तेव्हा चौसष्ट होतं, पण चालताना ते माझ्यापुढं.

गावाबाहेर एका वस्तीवरचं पिवळं कुत्रं भुंकत आमच्या मागं लागलं. आप्पांना भुंकणं ऐकू येत नाही, ते आपले चालत राहिले. कुत्रं त्यांच्या पायाला येऊन भिडलं तेव्हा त्यांनी वळून काठी हाणली. एकच. कुत्र्याचा पुढचा पाय मोडल्याचा आवाज मला आला, त्यांना आला नाही. कुत्रं तीन पायांवर केकाटत काट्यांत शिरलं. वस्तीवरची बाई बाहेर येऊन शिव्या देऊ लागली, आप्पा तिच्याकडे पाठ करून पुढं निघालेही होते. मी तिला हात जोडले. खरं सांगायचं तर काठी बसली तेव्हा मला बरं वाटलं होतं. कुणाला तरी बसली, एवढंच.

डोंगराची पहिली सोंड चढून जायला दीड तास लागला. खालून गवत कमरेएवढं वाढलेलं आणि कुसळं मोज्यांतून आत घुसत होती. मध्ये एका वडाच्या झाडाखाली बसलो. आप्पांशी बोलायचं तर तोंडासमोर तोंड आणून ओठ नीट हलवून बोलावं लागतं, ते ओठ वाचतात. त्यामुळे चालताना आमचं बोलणं नाही. बसलो की ते बोलायचे, आणि बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्यानं. त्यांनी विचारलं, फोन कधी करायचाय. मी म्हणालो, आज संध्याकाळी. काय सांगणार, म्हणाले. मी खांदे उडवले. मग त्यांनी त्यांचं मत दिलं, की फोन बिन काही करू नको.

"जाय आन् लई ये तिले. दोन ठेवी दे, गुपचूप येई. तुनी मायले मी काय कमी मारं? गयी का ती कोठे?"

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं यंत्र कसं चालवायचं ते समजावावं तसे ते सांगत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो, सॅक झटक्यानं उचलली, पट्टा हातातून निसटला आणि सॅक दगडावर आपटली. वरच्या पोत्यातल्या तीन-चार गोवऱ्यांचा भुगा झाला. आप्पा उठले आणि त्यांनी माझ्या मानेवर चापट मारली. बत्तीस वर्षांच्या माणसाच्या मानेवर. जोरात नव्हती, सवयीची होती. मग ते खाली बसून गोवऱ्यांचे तुकडे गोळा करायला लागले. मी तसाच उभा राहिलो. मान जळत होती आणि माझ्या दोन्ही मुठी वळल्या होत्या. त्या उघडायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. उघडल्या तेव्हा मला वाटलं, झालं, जमलं, संध्याकाळी सांगायला काहीतरी मिळालं.

पुढं कातळात कोरलेल्या पायऱ्या लागल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. झिजलेल्या पायरीवर आप्पांचा पाय घसरला तेव्हा मी मागून त्यांचं गाठोडं धरलं आणि त्यांना भिंतीवर दाबलं. गरजेपेक्षा जास्त दाबलं. त्यांचा गाल कातळावर घासला. त्यांच्या गालावर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. अकराच्या सुमारास आम्ही वर पोचलो.

वर गुहा आहे, समोर पन्नासएक पावलं खाली पाण्याचं टाकं. आप्पा सांगायचे की पूर्वी ते लोक टाक्याच्या काठावरच चूल मांडायचे. त्या दिवशी वारा फार होता, टाक्यापाशी काडी पेटेना. म्हणून आप्पांनी गोवऱ्या गुहेच्या तोंडाशी, आडोशाला रचल्या. दगड मांडले, गोवरी फोडून मध्ये घातली, पेटवली. मला कॅन देऊन पाण्याला पाठवलं. मी पीठ मळायला बसलो असतो आणि पाण्याला ते गेले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी टाक्याशी कॅन बुडवत होतो आणि एक आवाज कानावर आला. आधी वाटलं, विमान. मग वर बघितलं. गुहेच्या वर कातळ पुढं झुकलेला आहे, आणि त्या कातळाच्या पोटाला आग्या मोहोळ लटकत होतं. एक नाही, तीन. गुहेच्या तोंडाशी उभ्या माणसाला ती दिसणं शक्य नव्हतं. गोवऱ्यांचा पांढरा धूर सरळ वर जाऊन त्यांच्या खाली साठत होता, आणि मधलं मोहोळ हलत होतं. काळी साय उकळावी तसं.

मी ओरडलो. आप्पांची पाठ माझ्याकडे होती, ते वाकून गोवऱ्यांवर फुंकर घालत होते. पुन्हा ओरडलो, घसा फाटेपर्यंत. त्यांच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर एवढा घोंघाट चालला होता आणि ते शांतपणे आगीवर फुंकत बसले होते. पन्नास पावलांचा चढ धावत चढायला वेळ नव्हता. मी निम्मा चढ धावलो आणि मग मला जे येत होतं ते केलं. दगड उचलला आणि फेकला.

पहिला त्यांच्या बाजूला कातळावर आपटला. त्यांना कळलं नाही. दुसरा पाठीत बसला, नेमका दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं कांडी बसायची. आप्पा वळले. पस्तीस वर्षांची सवय, पाठीत काही बसलं की वळायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वीस-पंचवीस पावलांवर होतो, आमची नजरानजर झाली होती, आता फक्त हातानं 'पळा' म्हणायचं होतं. त्यांनी हात उडवून विचारलं, काय आहे. तोंडावर तोच चेहरा, पाडव्याला घास घेतानाचा.

माझ्या हातात तिसरा दगड होता. तो मी फेकला. पूर्ण हात मागं नेऊन फेकला. पहिले दोन मी बापाला वाचवायला मारले होते. हा त्याच्या तोंडावर मारला. डाव्या भुवईवर बसला आणि तिथून रक्त उसळलं.

त्यानंतरचं सगळं एकदम घडलं. मधलं मोहोळ सुटलं आणि काळा लोट खाली आला. मी वर धावलो, सॅकमधली गोधडी ओढली, आप्पांच्या दंडाला धरून त्यांना फरफटत बाजूच्या घळीत नेलं आणि गोधडी दोघांवर ओढून पालथा पडलो. माश्या गोधडीच्या कडांतून आत येत होत्या. मानेवर, कानामागं, ओठांवर, हातांच्या पाठीवर. प्रत्येक डंखाला कुणीतरी तापलेला दाभण खुपसतंय असं वाटायचं. मी आत आलेल्या माश्या हातानं चिरडत होतो. काही आप्पांच्या चेहऱ्यावर बसल्या होत्या, त्या मी त्यांच्या चेहऱ्यावरच चिरडल्या. त्यांच्या भुवईचं रक्त माझ्या शर्टात झिरपत होतं. ते विव्हळत नव्हते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना विव्हळायला लावलेला माणूस गप्प पडून होता आणि त्याचं हृदय माझ्या बरगडीवर आपटत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. अर्धा तास असेल. गोधडीखाली अंधार होता, माझे ओठ त्यांना दिसत नव्हते, आणि कानांना तर काही ऐकूच येत नव्हतं. मी त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणालो, "तिसरा मी मुद्दाम मारला." दोन-तीनदा म्हणालो. मग आईचंही बोललो, हात मोडल्याचं, सुतळीचं, सगळं. शिव्याही दिल्या. जन्मात बोललो नव्हतो एवढं बोललो. ते ऐकणार नाहीत हे माहीत होतं म्हणूनच बोललो, आणि ते कळल्यावर मला स्वतःची किळस आली.

वारा पुन्हा वाढला, धूर पांगला, माश्या हळूहळू वर गेल्या. आम्ही घळीतूनच सरपटत मागच्या वाटेला लागलो. भांडी, पीठ, माझी सॅक, सगळं गुहेपाशीच टाकलं. डाळीबरोबर आणलेली हळदीची पुडी तेवढी आप्पांच्या खिशात होती, ती मी त्यांच्या भुवईत भरली. त्यांचा डावा डोळा पूर्ण मिटला होता, उजवा सुजून फट उरली होती. उतरताना त्यांना वाट दिसत नव्हती. कोरलेल्या पायऱ्यांवर मी पुढं उतरत होतो, ते माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मागं. त्यांचे हात जड होते. एका बाजूला काहीच नव्हतं आणि त्या पायऱ्यांवर माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहिणार नाही. त्यांना खाली आणलं, एवढं मात्र खरं.

गावात चुलत्यानं डंखांना चुना लावला आणि जीप काढून आम्हाला पिंपळनेरला डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शनं झाली. आप्पांच्या भुवईला पाच टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, हे माशीचं नाही, हे कशानं झालं? मी काही बोलायच्या आत आप्पांनीच सुरुवात केली. जीपमध्ये सांगितलं होतं तेच, तेवढ्याच मोठ्यानं, की माझे कान गेलेले, मोहोळ उठलं, पोरानं कारखान्यातल्यासारखे दगड मारून मला सावध केलं, नाहीतर आज माझं प्रेत उतरवावं लागलं असतं. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनाही सांगितलं. "मना पोऱ्यानी वाचाडं माले," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. एका म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी हेही सुचत होतं की संध्याकाळी हीच गोष्ट तिला सांगितली तर काय बिघडलं. खोटं तर त्यात काहीच नव्हतं. मी बापाला वाचवलं होतं. असल्या माणसाचा हात बायकोवर कशाला उठेल.

सहा वाजता एसटी स्टँडवर आलो. सुरतची गाडी साडेसातला होती. आप्पांना बाकावर बसवून मी चहा आणला. त्यांचे ओठ सुजले होते, चहा हनुवटीवरून ओघळत होता. मी रुमालानं पुसला. माझ्या हातात फोन बघून त्यांनी मान हलवली, लाव म्हणून. मग मला जवळ बोलावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज कसा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"तिले दोनच सांग."

फटीएवढ्या उघड्या डोळ्यानं ते माझ्याकडे बघत होते. मला कळलं की त्यांनी तिसरा दगड येताना बघितला होता, फेकणाऱ्याचा चेहराही बघितला होता, आणि दवाखान्यात, जीपमध्ये, बाकावर त्यांनी जे मोठमोठ्यानं सांगितलं ते सगळं जाणूनबुजून सांगितलं होतं. त्यांना माझा राग आलेला नव्हता. उलट मी आता त्यांच्यातलाच एक झालो, आणि आपल्यातल्या माणसाला सांभाळून घेतात तसं ते मला सांभाळून घेत होते. त्यांच्या हातचा पट्टा मी खाल्लाय, मानेवरची चापट खाल्लीय, पण ह्या मायेइतकी भीती मला त्यांची कधी वाटली नव्हती.

मी उठून चार पावलं बाजूला गेलो आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. मागं मुलगी काहीतरी मागत होती, तिला तिनं गप्प केलं नाही. कसे आहात वगैरे झालं नाही. मी गड, गोवऱ्या, मोहोळ, सगळं ओळीनं सांगितलं. दोन दगडांपर्यंत आलो. ती म्हणाली, बरं झालं तुम्ही होतात, नाहीतर आप्पांचं काही खरं नव्हतं. तिच्या आवाजात काळजी होती, आणि थोडा गोडवाही होता, आठ दिवसांत पहिल्यांदा. तिथं थांबलो असतो तर ती मंगळवारच्या गाडीनं आली असती. हे मी अंदाजानं म्हणत नाही, नंतर तिनं स्वतः सांगितलं.

मी म्हणालो, तीन मारले. पहिला चुकला. दुसरा लागला आणि ते वळले, माझ्याकडे बघत होते. त्यानंतर तिसरा मारला.

तिनं विचारलं, "तिसरा कसाले?"

"माराले," मी म्हणालो.

मुलगी अजून मागं बोलत होती. तिला बहुतेक फोन हवा होता. बायकोनं तो दिला नाही.

"मंग मी आत्ते येत नही," ती म्हणाली. "पुढला रविवारले परत फोन करा. मी परत हाईच इचारसु."

ठेवताना तिनं एवढंच विचारलं की आप्पांना टाके किती पडले. मी सांगितलं.

त्याला आता अकरा रविवार झाले. आप्पांची भुवई भरून आली आहे, तिथं केस उगवत नाहीत. आम्ही दोघं उधन्यात आपापलं करून खातो, बोलणं बेताचंच आहे. दर रविवारी संध्याकाळी मी कामावरून येऊन हातपाय धुतो आणि नंदुरबारला फोन लावतो. ती तेच विचारते. मी आठवड्यात कुठं मुठी वळल्या, कुणावर वळल्या आणि उघडायला किती वेळ लागला ते सांगतो. ती सगळं ऐकून घेते, मग मुलीला फोन देते. 'नाही उठणार' असं मला अजून एकदाही म्हणता आलेलं नाही.